समुद्राच्या नोंदवहीतून गळालेलं

कॅनव्हासची बादली. जहाजाच्या कठड्यावरून दोरीने खाली सोडायची, भरली की वर ओढायची, पाण्यात थर्मामीटर धरायचा आणि आकडा वहीत लिहायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून व्यापारी जहाजांवर समुद्राचं तापमान असंच मोजलं गेलं. बादली वर येईतो कापडातून झिरपलेलं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी माठातल्यासारखं निवतं. लाकडी बादलीत ते कमी निवतं. पुढे इंजिन थंड ठेवायला जहाजात जे पाणी घेतात, त्याचंच तापमान मोजायची पद्धत आली. तिथे उलटा प्रकार. इंजिनखान्याच्या उबेने आकडा थोडा चढाच येतो.

दुसऱ्या महायुद्धात बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांकडून येत होत्या आणि त्या इंजिनातल्या पाण्याच्या होत्या. ऑगस्ट १९४५ नंतर ब्रिटिश जहाजं आपल्या बादल्या घेऊन पुन्हा नोंदी पाठवू लागली. जगाच्या समुद्राचं सरासरी तापमान कागदावर सुमारे ०.३ अंशांनी एकदम उतरलं. समुद्र मात्र होता तसाच होता. हा उतार मापनपद्धतीचा आहे हे नीट दाखवून देणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो २००८ साली.

बादली गेली याचं मला वाईट वाटत नाही. कोणत्या जहाजावर कोणती बादली होती ही माहिती गेली, त्याचं वाटतं. आकडा उरला, पण तो कसा आला ते सांगणारी ओळ उरली नाही, अशा नोंदी समुद्राच्या दफ्तरात ढिगाने आहेत. ही यादी अशाच गळालेल्या आणि गळू पाहणाऱ्या गोष्टींची.

दहा देशांची एक वही. १८५३च्या उन्हाळ्यात ब्रसेल्सला दहा सागरी देशांचे प्रतिनिधी बसले. पुढाकार अमेरिकी नौदलातल्या मॅथ्यू मॉरीचा. वारा, प्रवाह, हवेचा दाब, पाण्याचं तापमान या नोंदी सगळ्यांच्या जहाजांनी एकाच नमुन्याच्या वहीत ठेवायच्या, असं ठरलं. समुद्राच्या मोजणीत देशादेशांचा समन्वय सुरू झाला तो या छापील रकान्यांपासून.

वहीत लिहिणारा अधिकारी. दर काही तासांनी जहाजाच्या ब्रिजवर येऊन आभाळ बघणारा, ढगांचा प्रकार ओळखणारा, लाटांची उंची नजरेने सांगणारा. हे काम स्वेच्छेचं, वेगळा पगार नाही. मुंबईसारख्या बंदरात हवामान खात्याचा माणूस जहाजावर चढून यंत्रं तपासायचा, कोऱ्या वह्या द्यायचा, भरलेल्या घेऊन जायचा. १९८०च्या दशकाच्या मध्याला जगभरात सात हजारांहून जास्त जहाजं या योजनेत होती. नंतर संख्या उतरत गेली. जहाजं मोठी झाली, खलाशी कमी झाले, ब्रिजवर एक स्वयंचलित पेटी बसली. पेटी दाब आणि तापमान चोख देते. ढग आणि लाटा ओळखायला मात्र अजून माणूसच लागतो.

स्थानक ‘एम’. १९४६ साली लंडनमधल्या बैठकीत ठरलं की उत्तर अटलांटिकमध्ये तेरा ठिकाणी एकेक जहाज कायम उभं ठेवायचं. प्रवास करायचा नाही, माल न्यायचा नाही. ठरल्या जागी राहून हवा मोजायची आणि वरून जाणाऱ्या विमानांना वाट दाखवायची. खर्च देशांनी वाटून घेतला. ऑक्टोबर १९४७मध्ये ‘बर्म्युडा स्काय क्वीन’ हे समुद्रावर उतरू शकणारं विमान इंधन संपत आल्याने अशाच एका जहाजाजवळ, खवळलेल्या पाण्यात उतरलं. आतले सगळे, ६९ जण, वाचले.

पुढे जेट विमानं आली, उपग्रह आले, आणि एकेक स्थानक रिकामं होत गेलं. शेवटचं उरलं ते ‘एम’, नॉर्वेच्या समुद्रात, ६६ अंश उत्तर आणि २ अंश पूर्व. ऑक्टोबर १९४८पासून तिथे जहाज होतं. मूळ काम हवामानाचं. पण जागेवर उभंच आहोत तर खोल पाणीही मोजू या, असं नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी ठरवलं आणि ते सहा दशकं मोजत राहिले. उत्तरेकडचं थंड, जड पाणी खाली बसून अटलांटिकच्या तळाकडे सरकतं. त्या खोल पाण्याचं तापमान कसं बदलत गेलं, हे इतक्या सलगपणे सांगणाऱ्या जागा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ‘पोलारफ्रंट’ हे तिथलं शेवटचं जहाज. २००९ संपलं आणि त्याचं कामही संपलं. त्या जागी नांगरलेली उपकरणं आली. उपकरणं चांगली आहेत. तरीही त्या समुद्रात हिवाळ्याच्या वादळात टिकून, दिवसामागून दिवस, माणसांच्या हातून ही मोजणी झाली होती, आणि विमानांसाठी काढलेल्या पैशांतून ती झाली होती. समुद्रासाठी म्हणून तेवढे पैसे कुणी दिले असते असं वाटत नाही.

उलटणारा थर्मामीटर. पोलादी तारेवर ठरावीक अंतराने पितळी बाटल्या बांधून खाली सोडायच्या. सगळ्या जागेवर पोचल्या की तारेवरून एक वजन सोडायचं. त्याला ‘मेसेंजर’ म्हणत. ते पहिल्या बाटलीवर आदळलं की बाटली उलटते, बंद होते आणि खालच्या बाटलीसाठी दुसरं वजन सुटतं. बाटलीबरोबर थर्मामीटरही उलटतो, पाऱ्याचा धागा तुटतो आणि त्या खोलीवरचं तापमान तिथेच अडकून वर येतं. भिंगातून वाचायचं, दुसऱ्याने पुन्हा वाचायचं. अचूकता अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. आज विजेवर चालणारं उपकरण तारेवरून उतरताना सलग नोंद करतं, आणि पारा जगभरच वापरातून जातो आहे. तारेला बोट लावून मेसेंजर आदळल्याचा ठोका ओळखणारे हात आता निवृत्त आहेत.

कोपनहेगनचं पाणी. मला या यादीतली सर्वांत हृद्य वस्तू हीच वाटते. खारेपणा मोजायचा तर तुलनेला काहीतरी हवं. प्रत्येक देशाने आपापल्या किनाऱ्याचं पाणी प्रमाण धरलं तर दोन देशांचे आकडे कधी जुळणार नाहीत. म्हणून विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेनच्या देखरेखीखाली उत्तर अटलांटिकचं पाणी गाळून, त्याचं मोजमाप पक्कं करून, काचेच्या नळ्यांत भरून, नळीचं तोंड वितळवून बंद केलं जाऊ लागलं. त्या नळ्या जगभरच्या प्रयोगशाळांत जात. तिथे नळी फोडायची, त्या पाण्यावर आपलं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण पारखून घ्यायचं, मग आपले नमुने मोजायचे. राष्ट्रं लढत होती त्या दशकांतही समुद्राचा खारेपणा एकाच पाण्याशी ताडला जात होता.

१९७०च्या दशकात हे काम इंग्लंडला गेलं. १९७८च्या नव्या पद्धतीत खारेपणा विद्युतवाहकतेवरून काढायचं ठरलं. प्रमाण पाणी अजून तयार होतं, अजून बाटलीबंद विकलं जातं, आणि जहाजावरच्या खारेपणाच्या मोजणीला आजही त्याचाच आधार आहे. कोपनहेगनचं नाव, काचेच्या नळ्या आणि सिल्व्हर नायट्रेटचे डाग मात्र गेले.

‘किस्तना’, ‘अंतोन ब्रून’, ‘गवेषणी’. १९५९ ते १९६५ या काळात हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. तोवर हा महासागर सर्वांत कमी मोजलेला होता. डझनभराहून जास्त देशांची चाळीसहून अधिक जहाजं आली. भारताने ‘आयएनएस किस्तना’ ही नौदलाची युद्धनौका दिली. अमेरिकेचं ‘अंतोन ब्रून’ हे त्याआधी ट्रुमन यांच्या काळात राष्ट्राध्यक्षांची सरकारी नौका होतं. जहाजं वेगळी, माणसं वेगळी, पण प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, धरायची जाळी एकाच मापाची ठरवली: हिंदी महासागराची प्रमाण जाळी. २०० मीटरवरून सरळ वर ओढायची. त्या जाळीतले नमुने कोचीला यायचे आणि तिथे त्यांची वर्गवारी व्हायची. क्लाउस विर्टकीने सगळ्या जहाजांच्या नोंदी पारखून नकाशासंग्रह केला, तो १९७१ साली निघाला. मोहीम संपली, त्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि पुढे गोव्याला दोनापावलाच्या टेकडीवर स्थिरावली. तिचं पहिलं मोठं जहाज ‘गवेषणी’. २६ जानेवारी १९८१ रोजी याच जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून भारतासाठी पहिले मँगनीजचे गोळे वर आणले.

तिन्ही जहाजं आता नाहीत.

तांब्याची तार. केसासारखी बारीक. तिच्या टोकाला हातभर लांबीचं मापक, चालत्या जहाजावरून पाण्यात टाकायचं. ते बुडत जातं, तार उलगडत जाते, तारेतून तापमान वर येतं; तार संपली की तुटते. जहाज थांबवावं लागत नाही, म्हणून मालवाहू आणि प्रवासी जहाजंही चालतात. गोव्याची संस्था १९९०च्या सुमारापासून चेन्नई ते पोर्ट ब्लेअर, पोर्ट ब्लेअर ते कोलकाता अशा वाटांवर ही मापकं टाकत आली.

यात एक अडचण होती. मापक खोली मोजत नाही. किती वेळ बुडालं त्यावरून खोली हिशेबाने काढतात. तो हिशेब थोडा चुकीचा होता. त्यामुळे १९७०च्या दशकात समुद्र अचानक तापून मग निवल्याचा एक उंचवटा आलेखात दिसायचा. तो खरा नव्हता. दुरुस्ती करायची तर मापक कोणत्या जातीचं होतं हे कळायला हवं, आणि पुष्कळ नोंदींत तेवढंच लिहायचं राहिलं आहे.

अपोलो बंदरची खूण. मुंबईत भरती-ओहोटीची नोंद १८७८पासून आहे. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. विहिरीसारख्या नळकांड्यात एक तरंगक, त्याला जोडलेली लेखणी, आणि घड्याळावर फिरणाऱ्या पिंपावरचा कागद. हे आकडे लिव्हरपूलला जातात. १९३३पासून तिथे जगभरच्या समुद्रपातळीचं एक कायमचं दफ्तर आहे. भरतीमापक बदलला तरी चालतं. जमिनीवरच्या दगडात कोरलेली जी खूण शून्य धरून पाणी मोजलं, ती खूण मात्र हलता कामा नये. समुद्र वर आला की जमीन खाली गेली, हे त्या खुणेवरूनच ठरतं. बंदरं वाढतात, धक्के पाडून नवे बांधतात, आणि जगातल्या कित्येक बंदरांत कुणाच्या ध्यानीही न येता असे दगड भरावाखाली गेले आहेत. एका खुणेबरोबर तिच्यामागची सगळी वर्षं जातात.

रेशमाची पट्टी. यादीत ही अजून पूर्ण गळालेली नाही, आणि मला तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायचं आहे. इंग्लंडच्या ॲलिस्टर हार्डी यांनी १९२०च्या दशकात एक यंत्र केलं: टॉर्पेडोच्या आकाराची धातूची पेटी, जहाजामागे तारेने ओढायची. पाणी तोंडातून शिरतं, आतल्या रेशमी जाळीतून गाळलं जातं, मागच्या पंख्याच्या फिरण्याने रेशीम हळूहळू गुंडाळत जातं आणि फॉर्मलिनच्या टाकीत जमा होतं. म्हणजे रेशमाचा कोणता तुकडा समुद्राच्या कोणत्या टापूतला, हे नंतर सांगता येतं. १९३१पासून उत्तर समुद्रात व्यापारी जहाजांमागे हे नेमाने सुरू झालं. महायुद्धातला खंड सोडला तर आजवर चालू आहे.

यातलं मोठेपण जिद्दीने न बदलण्यात आहे. जाळीचं माप तेच ठेवलं. रेशमाचा हिरवेपणा चार पायऱ्यांत डोळ्याने ठरवायचा, तोही तसाच. यापेक्षा अचूक पद्धती केव्हाच निघाल्या होत्या, पण पद्धत बदलली की मागची दशकं तुटतात, म्हणून प्रत्येक पिढीने मोह आवरला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी आधार निघाला आणि मोजणी बंद पडायची वेळ आली. तेव्हा वेगवेगळ्या देशांनी मिळून पैसा उभा केला.

हे रेशीम जपून ठेवलेलं आहे. २००४ साली शास्त्रज्ञांनी जुने तुकडे काढून पाहिले तर १९६०च्या दशकापासूनच्या रेशमात प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू सापडले, आणि ते वाढत गेलेले दिसले. यंत्र केलं तेव्हा हार्डींच्या मनात मासे आणि त्यांचं अन्न होतं. प्लॅस्टिक मोजायला कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे कुणाला तरी सुचलं की यंत्र कशात अडकलं याच्याही नोंदी आहेत. त्या चाळल्या: १९५७ साली मासेमारीच्या जाळ्याची दोरी, १९६५ साली आयर्लंडच्या वायव्येला प्लॅस्टिकची पिशवी. समुद्रातल्या प्लॅस्टिकच्या अगदी सुरुवातीच्या नोंदी कामात आलेला अडथळा म्हणून लिहिल्या गेल्या होत्या.

‘चॅलेंजर’ या जहाजाचंही असंच. १८७२ ते १८७६ या सफरीत त्याच्यावरच्या लोकांनी खोल पाण्याचं तापमान मोजलं. २०१२ साली तेच आकडे आजच्या आकड्यांशेजारी मांडले गेले; पृष्ठभागापासून ७०० मीटरपर्यंतचं पाणी सरासरी ०.३३ अंश तापलेलं निघालं. ही तुलना करता आली ती थर्मामीटर कसा होता, दाबाने तो किती चुकतो, हे त्या मंडळींनी लिहून ठेवलं म्हणून.

प्लवक ओळखणारे डोळे. सूक्ष्मदर्शकाखाली पाचव्या पायाच्या ठेवणीवरून कोपेपॉड या प्लवकाची जात सांगणारे. अशा माणसाला तयार व्हायला वर्षं लागतात आणि त्याच्या निवृत्तीनंतर जागा भरली जात नाही. डीएनएवरून ओळख पटवता येते. पण त्या यादीतली नावंही आधी कुणीतरी डोळ्याने ओळखूनच घातलेली असतात.

सत्तर बोये. १९८२-८३चा एल निनो शिखराजवळ पोचला तरी शास्त्रज्ञांच्या तो नीट लक्षात आला नव्हता. त्या धक्क्यातून प्रशांत महासागरात विषुववृत्तावर मोजमापाचे बोये नांगरायचं काम हाती घेतलं गेलं. दहा वर्षं खपून १९९४च्या डिसेंबरात रांग पुरी झाली, सुमारे सत्तर बोये, अमेरिका आणि जपान यांच्या जोरावर. आपल्या मान्सूनच्या अंदाजालाही या रांगेचा आधार. २०१२ साली अमेरिकेने बोयांची देखभाल करणारं ‘काइमिमोआना’ हे जहाज खर्चापायी बाजूला काढलं. बोयाला वर्षाकाठी हात लागला नाही तर तो मुका होतो. दोन वर्षांत माहितीचा ओघ चाळीस टक्क्यांवर आला. जपाननेही आपले बोये कमी करत नेले. मग आंतरराष्ट्रीय बैठका झाल्या, नवा आराखडा आला, दुरुस्ती झाली. मधल्या महिन्यांतलं खोल पाणी जिथे मोजलं गेलं नाही, तिथे ते आता कुणालाही मोजता येणार नाही.

अरबी समुद्रातल्या न भरलेल्या जागा. हिंदी महासागरासाठी अशीच रांग आखली, तिचं संक्षिप्त नाव ‘रामा’. ४६ जागा ठरल्या. भारत, अमेरिका, जपान, इंडोनेशिया, चीन अशा देशांनी काम वाटून घेतलं. पण सोमालियाच्या चाच्यांमुळे वायव्येकडच्या जागांवर जहाजच जाऊ शकेना, आणि मान्सूनचा जोराचा प्रवाह त्याच भागात जन्मतो. उरलेल्या समुद्रात दुसरं संकट. बोयाच्या सावलीला मासे जमतात, माशांमागे होड्या येतात, बोयाला दोर बांधतात. संवेदक तुटतात, सौर पट्ट्या चोरीला जातात. बोये सांभाळणाऱ्या चेन्नईच्या संस्थेची माणसं किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन मच्छीमारांना सांगतात की वादळाचा इशारा याच बोयाकडून येतो. मला हे काम जहाजावरच्या कामाइतकंच महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या जिवासाठी मोजणी चालली आहे, त्याला ती आपली वाटली पाहिजे.

जोडकाळ. जुनं यंत्र काढायच्या आधी नवं त्याच्या शेजारी लावून दोन्ही काही काळ चालवायची रीत. समुद्रपातळी मोजणाऱ्या उपग्रहांत ती पाळली गेली आहे. १९९२च्या ‘टोपेक्स/पोसायडन’पासून प्रत्येक नवा उपग्रह जुन्याच्याच मार्गावर सोडला. ‘सेंटिनेल-६’ आणि ‘जेसन-३’ एकामागे एक तीस सेकंदांच्या अंतराने वर्षाहून जास्त काळ फिरले. म्हणून तीस वर्षांची रेघ अखंड आहे. पाण्यातल्या यंत्रांना ही चैन क्वचित मिळते. खर्चाला कात्री लागते तेव्हा पहिला घाव जोडकाळावर, कारण एकच गोष्ट दोनदा मोजताय का, असं विचारणाऱ्याला तो उधळपट्टी वाटतो.

कांदोळीची जागा. गोव्याच्या किनाऱ्यापासून थोडं आत, जेमतेम पंचवीस-तीस मीटर खोल. दोनापावलाचे शास्त्रज्ञ १९९७पासून तिथे वारंवार जाऊन पाणी मोजत आले. पावसाळ्यात खालचं प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे चढतं. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो. तळाशी सेंद्रिय गाळ कुजत राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पर्यटक पुन्हा किनाऱ्यावर येऊ लागतात त्याच दिवसांत, त्यांना दिसणाऱ्या पाण्याच्या तळाशी हे चाललेलं असतं. एखाद्या वर्षी ते जास्त, एखाद्या वर्षी कमी. एकदाच जाऊन आलेल्याने काहीही सांगितलं असतं. ही जागा मोजत ठेवायला मोठं जहाज लागत नाही. लहान बोट, डिझेल आणि दरवर्षी जाणारी तीच काटेकोर माणसं लागतात. तीन वर्षांच्या प्रकल्पांत नेमकी हीच बसत नाहीत.

अर्गोचे तरंगते. अर्गो ही अनेक देशांनी मिळून चालवलेली समुद्रमापनाची योजना. तिचं तरंगतं म्हणजे माणसाच्या उंचीचं नळकांडं. १,००० मीटरवर नऊ-दहा दिवस वाहत राहतं, २,००० मीटरपर्यंत उतरतं, तापमान आणि खारेपणा मोजत वर येतं, उपग्रहाला माहिती देतं आणि पुन्हा बुडतं. १९९९च्या सुमाराला सुरुवात झाली, २००७ साली संख्या ३,०००वर गेली, आज सुमारे ४,००० आहेत. तरंगतं कुठल्याही देशाने सोडलेलं असो, माहिती दिवसभरात सगळ्या जगाला फुकट मिळते. ते वाहत दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत शिरू शकतं, म्हणून किनाऱ्याच्या देशाला आधी कळवायचं, असा ठराव १९९९मध्ये आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोगाने केला. बादल्यांच्या काळात जे जमलं नाही ते इथे जमलं: एक पद्धत, एक छाननी, एक दफ्तर. त्यातलं हिंदी महासागराचं काम हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेकडे आहे.

पण तरंगत्याची बॅटरी चार-पाच वर्षांत संपते. चार हजार राखायचे तर दरवर्षी सुमारे आठशे नवे सोडावे लागतात. त्यांतले जवळपास निम्मे एकट्या अमेरिकेचे. तिथल्या सरकारने २०२५मध्ये पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी समुद्र आणि हवामानाची संशोधन शाखाच गुंडाळण्याचा प्रस्ताव ठेवला होता. असा प्रस्ताव एखाद्या वर्षी मंजूर झाला तर पहिल्या वर्षी काहीच दिसणार नाही, दुसऱ्या वर्षी नकाशा थोडा विरळ होईल, आणि पाचव्या वर्षापर्यंत अर्धा रिकामा. हिंदी महासागरातल्या त्या जागा कोण भरणार, किती तरंगते कुणी सोडायचे, हे भारत, जपान, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांनी आत्ताच बसून ठरवायला हवं. हैदराबादने आकडा मांडावा, आणि भारताचा त्यातला वाटा दिल्लीने प्रकल्पाच्या मुदतीत न बांधता, हवामान खात्याच्या पगारासारखा, दरवर्षीच्या नियमित खर्चात धरावा.